डावीकडे दुखतंय

मला सगळे सिस्टर म्हणतात. मी सिस्टर नाही. गेली सव्वीस वर्षं मी या रुग्णालयात सीटी स्कॅनची टेक्निशियन आहे आणि दारावरच्या पाटीवर तसं ठळक लिहिलेलंही आहे. पण दुखणारं पोट घेऊन आलेला माणूस पाट्या वाचत बसत नाही. सुरुवातीला मी प्रत्येकाची चूक दुरुस्त करायचे. मग कानाला खडा लावला. दहा मिनिटांत निघून जाणाऱ्या माणसाशी वाद घालून करायचं काय?

दहा मिनिटं, फार तर पंधरा. तेवढाच माझा माणसांशी संबंध. आलेल्याला टेबलावर निजवायचं, अंगावरचं, खिशातलं धातूचं काढायला लावायचं, दोन्ही हात डोक्याच्या वर घ्यायला सांगायचं, सोबतच्या सगळ्यांना बाहेर काढायचं आणि ते जाडजूड दार लावून घ्यायचं. शेवटी मीही बाहेर जाते. काचेपलीकडे माझी खुर्ची आहे. आत मशीनच्या त्या मोठ्या गोल कड्यात माणूस एकटा उरतो आणि मी माइकवरून त्याला सांगते, श्वास घ्या, रोखून धरा, सोडा. कड्याच्या पोटात क्ष-किरणांची नळी गरगर फिरते, टेबल हळूहळू सरकतं आणि सुरीने पाव कापत जावा तशा माणसाच्या चकत्या पडद्यावर यायला लागतात. हाडं पांढरी, हवा काळी, बाकी सगळं करडं. माणसाच्या आतलं सगळं मला दिसतं आणि त्यातलं एक अक्षरही त्याला सांगायची मला परवानगी नाही. ते काम रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टरांचं. ते दुसऱ्या शहरात बसतात. अकरा वर्षांत मी त्यांचं तोंड पाहिलेलं नाही, फोनवरचा खोकला मात्र झोपेतही ओळखीन.

घरी मी एकटी. आई होती तोवर भांडायला तरी कोणी होतं. तिला जाऊन तीन वर्षं झाली. भाऊ आणि वहिनी दूर देशात असतात. माणसं वाईट नाहीत, आठवणीने फोन करतात, पण दर दोन वाक्यांनी 'बाकी काय?' विचारतात आणि बाकी काही नसतं. रविवारी मी कुणाशीच बोलत नाही. मौनबिन काही नाही, बोलायला समोर कोणी नसतं एवढंच. त्यामुळे सोमवारी सकाळी पहिल्या पेशंटला 'श्वास घ्या' म्हणताना माझा आवाज फाटतो आणि बिचारा घाबरून श्वास घ्यायचाच विसरतो. त्या खोलीला मी एवढी चिकटून आहे ती पगारासाठी नाही. ती खोली गेली तर सोमवारचाही रविवार होईल, मंगळवारचाही. मला त्याची भीती वाटते, आणि ती लपवण्यात काही अर्थ नाही.

गेल्या हिवाळ्यात ती जायची वेळ आलीच होती. त्याचं असं आहे, की टेबलावर माणूस दोन तऱ्हांनी निजवता येतो. डोकं आधी कड्यात जाईल असा, किंवा पाय आधी जातील असा. कसा निजवलाय ते मी कळ दाबून मशीनला सांगायचं. मशीन आंधळं. मी सांगेन त्यावरून ते डावं-उजवं ठरवतं आणि फोटोवर तसं लिहितं. एका बाईंना मी पाय आधी निजवलं आणि कळ दाबली डोक्याची. सगळा फोटो उलटा झाला, आरशात बघावा तसा. यकृत डावीकडे, प्लीहा उजवीकडे. खोकणाऱ्या डॉक्टरांनी पाहिल्याबरोबर पकडलं, कुणाचं काही बिघडलं नाही. पण मोठ्या साहेबांनी, म्हणजे रुग्णालयाच्या प्रमुखांनी, मला समोर उभं करून माझ्या फाइलला कागद लावला. पुन्हा असं घडल्यास मशीनवरून हटवण्यात येईल. वर म्हणाले, "वयपरत्वे होतं असं." कागद मी गिळला असता. ते वाक्य अजून घशात आहे.

तेव्हापासून मी दुधाने तोंड पोळलेली बाई, ताकही फुंकून पिणारी. हे सांगते आहे ते एक कुलूपवाले पेशंट आले त्या सोमवारी मी काय केलं ते कळावं म्हणून.

ते साडेदहाला आले. अपघात विभागाचा कागद एका हातात, दुसऱ्या हाताने भिंत धरलेली. साठीच्या पुढचे, सडसडीत, एका पायाने लंगडणारे. कागदावर लिहिलं होतं, पोटात खाली डावीकडे दुखतं, दोन दिवस झाले, मुतखडा असावा. आत येण्याआधी त्यांनी दाराचा कडी-कोयंडा, सगळं निरखून घेतलं, मग पाटी वाचली आणि म्हणाले, "टेक्निशियनबाई, येऊ का आत?"

सव्वीस वर्षांत मला त्या नावाने हाक मारणारा हा पहिला माणूस. मी जरा गडबडलेच.

"या. सोबत कोण आहे?"

"मी आहे की."

"तसं नाही. नातेवाईक कोण?"

"अहो, मीच आलोय माझ्यासोबत. दुसऱ्या कुणाला वेळ नव्हता." आणि कळ आली म्हणून ते वाकले. "दार छान आहे तुमचं. उजवं दार. आमच्या धंद्यात आधी ते विचारावं लागतं, दार डावं की उजवं. त्याशिवाय मी कुलूप देतच नाही."

धंदा कुलपांचा होता. खिशातून किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा निघाला, की ट्रेमध्ये ठेवल्यावर ट्रे कलंडला. "अजून काही धातूचं, काका?" मी विचारलं.

"काका काय म्हणता, माझ्याच वयाच्या दिसताय. डाव्या मांडीत सळई आहे. ती काही काढून देता येणार नाही."

मी कागदावर सळई लिहून घेतली. हाड मोडून तो पाय दोन इंच आखूड झाला होता. डाव्या बुटाला त्यांनी स्वतःच जाड तळ ठोकून घेतला होता. बूट काढल्यावर त्यांचा तोल जाऊ नये म्हणून मी खांदा दिला. त्यांनी माझ्या खांद्यावर सगळा भार टाकला आणि दोन पावलं आम्ही तसेच गेलो. किती दिवसांत कुणी माझ्यावर असं रेललं नव्हतं, हे मला तेव्हाच कळलं आणि मी ते लगेच बाजूला सारलं. कामात असले विचार बरे नाहीत.

मी त्यांना पाय आधी निजवलं. हात वर घेतल्याबरोबर त्यांना ओकारी आली. उठवलं, पुसलं. डोकं इकडे घेतलं तर बरं वाटेल म्हणाले, म्हणून फिरवून निजवलं. मग फोटो उठून दिसावा म्हणून देतात त्या इंजेक्शनची नळी पुरेना. पुन्हा फिरवलं. तेवढ्यात बाहेर डोक्याला मार लागलेला एक पेशंट स्ट्रेचरवर आला आणि त्याच्या माणसांनी दार वाजवायला सुरुवात केली. मी कुलूपवाल्यांना इंजेक्शनचं सांगितलं. सगळ्यांना सांगते तेच. अंग एकदम गरम होईल, लघवी झाल्यासारखं वाटेल, झालेली नसेल.

"आणि झालीच तर?" त्यांनी विचारलं.

"तर चादर धुवायला टाकू."

"डावीकडे दुखतंय हो, बाई," कड्यात जाता जाता ते म्हणाले. "ते नीट बघा."

"मशीन सगळीकडचं बघतं," मी म्हटलं आणि दार लावलं.

फोटो येत होते तेव्हा माझी नजर काचेतून त्यांच्या तोंडावर होती. निजल्या निजल्या पुन्हा उलटी झाली असती तर श्वासात गेली असती. तीन मिनिटांत आटोपलं. त्यांना चालवेना, म्हणून स्ट्रेचरवरूनच परत अपघात विभागात पाठवलं. चादर बदलली, डोकं फुटलेल्याला आत घेतलं, त्याचं केलं, आणि मग कुलूपवाल्यांचे फोटो पाठवायला पडद्यासमोर बसले.

यकृत डावीकडे होतं.

पुन्हा? पुन्हा मी तेच केलं? मी माणसाला दोनदा फिरवलं होतं, म्हणजे कळही दोनदा बदलायला हवी होती. एकदा बदलल्याचं मला स्पष्ट आठवत होतं. दुसऱ्यांदा? डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला, पण दाराची धडधड आणि ओकारीचं भांडं, एवढंच आठवलं. टेबल रिकामं होतं, चादर धुवायला गेली होती, विचारायला कोणी नव्हतं. यकृत उजवीकडे असतं, जगात कुठेही जा. ते डावीकडे दिसतंय म्हणजे फोटो उलटा आहे, फोटो उलटा आहे म्हणजे मी चुकले आहे. गणित सरळ होतं. मोठ्या साहेबांचा चेहरा डोळ्यांपुढे आला, तो कागद आला, आणि मग आमच्या घरातलं ते रविवारचं जेवणाचं टेबल.

मी इकडे तिकडे पाहिलं. चोराच्या मनात चांदणं. मशीनमधली निजवण्याची दिशा बदलली, त्यावरून फोटो नव्याने तयार करून घेतले. यकृत गपगुमान उजवीकडे जाऊन बसलं. सगळं जागच्या जागी आलं आणि मी सुटकेचा श्वास टाकून फोटो पाठवून दिले. सगळं मिळून अर्धं मिनिट लागलं असेल.

वीस मिनिटांनी फोन आला. आधी खोकला, मग आवाज. "मुतखडा नाही. अपेंडिक्स आहे. उजवीकडे, टरारून सुजलंय, केव्हाही फुटेल. सर्जनना लगेच कळवा."

आमच्या सर्जनना सगळे आटपासाहेब म्हणतात. 'आटपा' हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही असा दिवस गेलेला नाही. मी फोनवर रिपोर्ट वाचून दाखवला.

"पण हा माणूस तर डावीकडे हात ठेवतोय," ते म्हणाले.

माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. फुटायला हवा होता. एवढ्या एका ठिकाणी मी थांबले असते तर पुढचं काही झालंच नसतं.

"सरकतं दुखणं कधी कधी," तेच पुढे म्हणाले. "फोटो स्वच्छ आहे ना? मग झालं. दुर्बीण दुरुस्तीला गेली आहे, म्हणजे पोट उघडूनच करावं लागणार. आटपा, एक वाजता घेतो."

मी आणखी दोन पेशंट केले. एक छाती, एक गुडघा. साडेबाराला झाडूवाल्या मावशी फरशी पुसायला आल्या आणि टेबलाखाली वाकून म्हणाल्या, "हे कुणाचे बूट राहिलेत? एक केवढा जड आहे बघा. विटेसारखा."

त्यांनी तो माझ्या हातात दिला. जाड तळाचा. डाव्या पायाचा.

मी तो हातात धरून तशीच उभी राहिले. मग पडद्याकडे गेले आणि कुलूपवाल्यांचे फोटो पुन्हा काढले. यकृत बघायच्या नादात मघाशी मी खालच्या चकत्यांपर्यंत गेलेच नव्हते. तिथे मांडीच्या हाडात सळई चकाकत होती, धातू चकाकतो तशी, चहूबाजूंनी किरणं फुटलेली. उजव्या मांडीत.

सळई जागा बदलत नाही. ती डाव्या पायात होती, मी स्वतः लिहून घेतली होती, त्या बाजूचा भार माझ्या खांद्यावर घेतला होता. म्हणजे आत्ता जो फोटो समोर होता तोच उलटा होता, आणि सकाळचा, मी घाईने पुसून टाकलेला, तो बरोबर. मी कळ दोन्ही वेळा बदलली होती. मी चुकलेच नव्हते. त्या माणसाचं यकृतच डावीकडे होतं. त्याच्या आतलं सगळंच आरशातलं होतं, जन्मापासून. अपेंडिक्सही डावीकडे होतं आणि तो सकाळपासून ओरडून तेच सांगत होता.

घड्याळात बारा चाळीस झाले होते. थिएटरचा फोन लावला, कोणी उचलला नाही. मग मी धावले. सत्तावन्नाव्या वर्षी दोन जिने धावत चढणं म्हणजे काय ते चढणाऱ्यालाच माहीत. बूट हातातच होता.

"बाहेरच्या चपला!" थिएटरच्या सिस्टर लाल रेषेपाशी आडव्या आल्या. त्या खऱ्या सिस्टर आहेत आणि त्या रेषेवरून मोठ्या साहेबांनाही जाऊ देत नाहीत. मी चपला भिरकावल्या आणि अनवाणी आत गेले.

कुलूपवाले टेबलावर निजले होते, जागे. भूल देणाऱ्या डॉक्टरबाई त्यांच्या उशाशी होत्या. पोटावर उजवीकडे पेनाने आडवी रेघ मारलेली होती. आटपासाहेब हात धूत होते.

"काय आहे? आटपा."

"साहेब, फोटो उलटा आहे. मी केला."

"परत चुकलात?"

"नाही. म्हणजे हो. आधी बरोबर होता. यकृत डावीकडे दिसलं म्हणून मला वाटलं माझी चूक झाली, म्हणून मी तो फिरवला. पण तो तसाच आहे. माणूसच तसा आहे. सगळं उलट्या बाजूला आहे याचं, अपेंडिक्ससुद्धा."

नळ वाहत राहिला. साहेबांनी माझ्या अनवाणी पायांकडे पाहिलं, मग हातातल्या बुटाकडे.

"पुस्तकात वाचलंय मी हे," ते म्हणाले. "तीस वर्षांत एक पाहिला नाही. आणि तुम्हाला तो बुटावरून सापडला?"

"सळई डाव्या पायात आहे. फोटोत उजवीकडे आलीय."

"कुणी सांगितलं डाव्या पायात आहे? तुम्हीच लिहिलंत ना? मग तुम्ही तेही चुकला असाल. आता पाय बघत बसायला वेळ नाही." ते रागावले नव्हते, घाईत होते, आणि ते जास्त वाईट होतं. ते टेबलाकडे वळले. "आजोबा, नक्की सांगा बरं. कुठे दुखतंय?"

मी कुलूपवाल्यांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे, मग पोटावरच्या रेघेकडे. आणि हात उचलून उजवीकडे ठेवला. रेघेवर.

"इथं," ते म्हणाले.

ज्याच्यासाठी मी सगळं ओकून टाकलं, तोच माझ्या विरुद्ध साक्ष देत होता. "अहो, सकाळी तुम्ही डावीकडे म्हणालात!" मी जवळजवळ ओरडलेच. "मला म्हणालात ना?" त्यांनी नजर खाली केली. आटपासाहेबांनी सिस्टरना खूण केली, ती मला बाहेर न्यायची होती. मी टेबलाची कड धरली. सोडणार नव्हते. लोक काय म्हणतील, फाइलला काय लागेल, सगळं त्या क्षणी माझ्या लेखी संपलं होतं.

"एक मिनिट," भूलवाल्या डॉक्टरबाई म्हणाल्या. त्या काहीतरी आठवत होत्या. "यांचा ईसीजी सकाळी उलटा आला होता. काढणाऱ्याला वाटलं, हाताच्या वायरी अदलाबदल झाल्या. त्याने बदलून पुन्हा काढला."

त्यांनी गळ्यातला स्टेथोस्कोप कानांना लावला आणि कुलूपवाल्यांच्या छातीवर डावीकडे ठेवला. ऐकलं. पुन्हा ऐकलं. मग उजवीकडे नेला. त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी कानातून काढून तो साहेबांपुढे धरला, आणि साहेब धुतलेले हात विसरून पुढे आले.

त्यांनी बराच वेळ ऐकलं. त्या माणसाला मी कशालाही एवढा वेळ देताना पाहिलेलं नाही. मग म्हणाले, "रेघ पुसा. डावीकडची तयारी करा." आणि माझ्याकडे न बघता, "तुम्ही बाहेर थांबा."

मी बाहेर बाकावर बसले. अपेंडिक्स डावीकडेच निघालं. फुटायच्या बेतात होतं, असं नंतर सिस्टर म्हणाल्या. उजवीकडे उघडलं असतं तर सापडेपर्यंत तासभर गेला असता आणि तोवर ते पोटातच फुटलं असतं. हे सांगून त्यांनी माझ्या चपला आणून पायांशी ठेवल्या. मला एकदम रडू आलं, पण मी ते आवरलं. बाकावर शेजारी दोन परकी माणसं बसली होती.

चार वाजता मोठ्या साहेबांनी बोलावलं. तेच टेबल, तीच फाइल.

"चूक नव्हती झाली तुमची," ते म्हणाले. "फोटो बरोबर होता. तो आहे तसा पाठवला असता, तर डॉक्टरांनी तुम्हाला एक फोन केला असता. इतकंच."

"हो."

"मग फिरवलात का? आणि कुणाला न सांगता?"

"गेल्या वेळी कागद लागला होता, साहेब."

मला वाटलं, चिडतील. चिडले असते तर मीही चिडले असते, तेवढं बळ माझ्यात होतं. पण ते हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही वर धावलात म्हणून माणूस धड आहे, तेही लिहितो मी. पण फोटो बदलणाऱ्या हातात मशीन देता येणार नाही, बाई. उद्यापासून तळघरात, जुन्या नोंदींच्या विभागात. निवृत्तीला तीनच वर्षं राहिली आहेत."

मी बरं म्हटलं. त्यांचं बरोबर होतं. जी खोली जाईल म्हणून मी हे केलं, ती त्याच्यामुळेच गेली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी खोलीत जाऊन माझा डबा आणि चष्मा घेतला. दुसऱ्या पाळीची टेक्निशियन आत एका बाईंना निजवत होती, "अगदी हलू नका हं, काकू," असं म्हणत होती. मी टेबलाखालचा दुसरा बूट उचलला आणि निघाले.

साडेपाचला भेटीची वेळ होती. प्रत्येक खाटेभोवती माणसं होती, पिशव्या होत्या, एकाच वेळी सगळे बोलत होते. कुलूपवाल्यांची खाट खिडकीपाशी. तिच्याशेजारचं स्टूल रिकामं होतं आणि पलीकडच्यांनी त्यावर आपला थर्मास ठेवला होता. मी तो उचलून खाली ठेवला आणि बसले.

ते जागे होते, थकलेले. मी बूट खाटेखाली ठेवले आणि सगळं सांगितलं. काहीही न गाळता, फोटो फिरवला तेही, फोनवर गप्प राहिले तेही. त्यांचं सगळं कसं दुसऱ्या बाजूला आहे ते सांगितलं. त्यांनी छातीवर उजवीकडे हात ठेवून पाहिला. बराच वेळ चाचपत होते, अंधारात कुलपाचं भोक शोधावं तसे.

"बासष्ट वर्षं झाली," ते म्हणाले. "कुणी सांगितलंच नाही."

"पण तुम्ही तिकडे, टेबलावर, उजवीकडे हात का ठेवलात?" हे विचारायलाच मी आले होते. मला रागही होता थोडा. "तुम्हाला तर माहीत होतं कुठे दुखतंय."

ते छताकडे बघत राहिले. "दोन दिवस डावीकडेच म्हणत होतो की. खाली म्हणालो, तुम्हाला म्हणालो, वर म्हणालो. मग डॉक्टरांनी फोटो दाखवला, म्हणाले, हे बघा, उजवीकडे आहे. आता एवढं मोठं मशीन, खोटं कशाला बोलेल?" मग म्हणाले, "घरात दुसरं माणूस असलं की बरं असतं हो. ते म्हणतं, अहो, कालपासून डावी बाजू धरून बसलेत, माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. आपलं आपल्यालाच ठाऊक असलं की पटवणार कुणाला? चुकतही असेन, म्हटलं. आणि खरं सांगू का, बाई? ते सगळे उजवीकडे, उजवीकडे म्हणायला लागल्यावर थोडं तिकडे दुखायलाही लागलं."

माझ्या मनात आलं, की मीही सकाळी त्या पडद्यासमोर हेच केलं होतं. आठवणारं कोणी शेजारी नव्हतं म्हणून स्वतःला खोटं ठरवून मोकळी झाले.

"आणि आता?" मी विचारलं. "आता कुठे दुखतंय?"

"तुम्हीच सांगा ना. तुम्हाला माहीत आहे कुठे कापलंय ते."

"मी नाही सांगणार. तुम्ही सांगा."

ते घुटमळले. पांघरुणावरून हात निघाला, पोटाच्या मध्यावर थांबला, त्यांनी एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी तोंड कोरं ठेवलं. मग हात डावीकडे गेला, टाक्यांच्या पट्टीवर, अगदी अलगद.

"इथं दुखतंय," ते म्हणाले.

"बरोबर," मी म्हटलं. "तिथेच दुखतंय."

तेवढ्यावर ते रडायला लागले. टाके ताणतील म्हणून आवाज न करता, तोंड खिडकीकडे करून. दिवसाला तीस माणसांना मी हात लावते, खांदे सरळ करते, हनुवट्या वर करते. पण त्या वेळी हात कुठे ठेवायचा ते मला कळेना. शेवटी तो मी त्यांच्या हातावर ठेवला, भार न टाकता. उद्यापासून मला फक्त कागदांना हात लावायचा होता, म्हणून मी तो लवकर काढला नाही.